बदामाखालचा पाऊण तास

कोस्टारिकातल्या कोर्कोवादोच्या जंगलातील चार दिवसांविषयी कोणी विचारले, की मी टापिर नावाच्या तिथल्या प्राण्याबद्दल बोलायला सुरुवात करते आणि दोन-तीन वाक्यांतच बदामाच्या झाडावर येऊन पोहोचते. टापिर पाहण्यासाठी आम्ही एवढा खर्च केला, धबधब्यापाशी ह्यांनी पन्नासेक फोटो काढले, आणि मी सांगत बसते ती देशी बदामाची हकीकत, याचे घरात सर्वांनाच हसू येते. म्हणून ती एकदा सविस्तर लिहून टाकावी असे ठरवले.

कोस्टारिकाच्या नैऋत्येला ओसा नावाचे द्वीपकल्प पॅसिफिक महासागरात शिरलेले आहे आणि त्याचा मोठा भाग कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानाने व्यापला आहे. मुलगी ह्यूस्टनला असते. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे कोस्टारिकाचा वेगळा काढावा लागत नाही, हे तिने शोधून काढले आणि फेब्रुवारीतली तिकिटे काढूनच आम्हाला कळवले. राजधानी सान होसे ते सिएर्पे हे गाव, तिथून कांदळवनातून वाहणाऱ्या नदीने होडी, मग नदीच्या मुखाशी लाटांवर आपटत समुद्र आणि शेवटी ड्रेक उपसागर. सर फ्रान्सिस ड्रेक 1579 मध्ये इथे येऊन गेला असे सांगतात. गावकरी मात्र त्या नावाचा उच्चार अगदी निःसंकोचपणे ‘द्राके’ असा करतात.

उद्यानात परवानाधारक वाटाड्याशिवाय प्रवेश मिळत नाही. आमचा वाटाड्या तिशीतला, अबोल तरुण होता. 1975 मध्ये हे उद्यान घोषित झाले आणि त्याच वर्षी, या जंगलाला संरक्षण मिळावे म्हणून ओसात आलेले स्वीडिश निसर्गप्रेमी ओलोफ वेसबर्ग यांचा इथेच खून झाला, हे त्याने होडीत शांतपणे सांगितले. नंतरच्या काळात नद्यांच्या वाळूतून सोने चाळणारे शेकडो लोक जंगलात शिरले आणि सरकारला त्यांना 1986 मध्ये बाहेर काढावे लागले. त्या बाहेर काढलेल्यांत त्याचे आजोबाही होते, हे सांगताना त्याला ना अभिमान वाटत होता ना खंत. आजोबांना ज्या वाटा ठाऊक होत्या, त्याच वाटांवर तो आता दुर्बीण आणि तिपाई घेऊन पोट भरतो.

पहिला मुक्काम सिरेना येथील वनचौकीवर होता. तिथे मध्य अमेरिकेतला सर्वांत मोठा भूचर सस्तन प्राणी, म्हणजे बेअर्डचा टापिर, दिवसाउजेडी दिसतो, अशी ख्याती आहे. आणि तो दिसलाही. किनाऱ्यालगतच्या झाडीत चिखलात एक मादी आडवी झाली होती. गेंड्याचा आणि घोड्याचा हा दूरचा नातलग, अंगाने म्हशीच्या पारडाएवढा, सोंडेसारखे लोंबते नाक आणि कानांच्या कडा पांढऱ्या. तिच्याभोवती आमच्यासह पाच गट अर्धवर्तुळ करून उभे होते, प्रत्येक वाटाड्या ओठांवर बोट ठेवून होता, आणि तरीही कोणाचा तरी फोन वाजलाच. तिने एक कान हलवला आणि पुन्हा झोपली. मला तिची दया आली, आणि त्याहून अधिक लाज वाटली, कारण फोन वाजला नसता तर मीही आणखी अर्धा तास तिथेच टक लावून उभी राहिले असते.

उरलेल्या सिरेनाचे थोडक्यात सांगते. या उद्यानात असणारी माकडांच्या चारही जाती दिसल्या, नदीच्या मुखाशी मगर दिसली, बुल शार्क दिसला नाही. चौकीच्या लाकडी ओसरीवर बूट बाहेर काढून चढायचे असते, ही पद्धत मला फार आवडली. रात्रीच्या जेवणाला माणशी 30 डॉलरच्या आसपास मोजावे लागले, हे मुळीच आवडले नाही. पहाटे साडेचारला हाउलर माकडांनी असा घोष सुरू केला, की मच्छरदाणीत ह्यांना क्षणभर वाटले पाण्याची मोटर बिघडली.

तिसऱ्या दिवशी आम्ही उद्यानाच्या उत्तर टोकाकडील सान पेद्रियो येथे गेलो. तिथे धक्का नाही. होडी किनाऱ्यालगत थांबते आणि आपण मांडीभर पाण्यात उडी मारायची. मी लाट यायच्या आत उतरावे म्हणून घाई केली आणि गुडघा मुरगळून घेतला. तसेच लंगडत धबधब्यापर्यंत गेले. दाट जंगलातून ओढ्याच्या कडेने वाट जाते आणि शेवटी काळ्या कातळावरून पाणी स्वच्छ डोहात पडते. सह्याद्रीतले श्रावणातले धबधबे पाहिलेल्या डोळ्यांना तो लहानच वाटला. पण तिथे ना भजीची गाडी होती, ना गाणी, ना काठावर फुटक्या बाटल्या, त्यामुळे पाण्याचा आवाज ऐकू येत होता. ह्यांनी आणि मुलीने डोहात डुंबून घेतले. मी पाय सोडून बसले आणि दुपारच्या पायवाटेला आपण येणार नाही असे जाहीर केले.

म्हणून जेवणानंतर मी चौकीसमोर, वाळू जिथे गवताला मिळते तिथल्या एका झाडाखाली बसले. सावली गार होती, मोठी पाने तांबूस होऊन गळत होती, फांद्या मजल्यामजल्यांनी आडव्या पसरल्या होत्या. ओळख पटायला मला दोन-तीन मिनिटे लागली याचेच नवल वाटते. मुरूडला आमच्या शाळेच्या आवारात हेच झाड होते, देशी बदामाचे. पिकलेल्या फळाचा तुरट-गोड गर आम्ही दातांनी खरवडून खात असू आणि मग दोन दगडांत कवच फोडून आतली नखाएवढी गिरी काढत असू. त्यासाठी पाच मिनिटे आणि बहुधा एक बोट खर्ची पडे.

विचार चालू असतानाच खांद्यावर काहीतरी पडले. अर्धे कुरतडलेले हिरवे फळ होते. वर पाहिले तर लाल मकाव पोपटांचे जोडपे बसले होते. इथे त्यांना ‘लापा’ म्हणतात, आणि हे सुंदर पाखरू उडताना इतके कर्कश ओरडते, की खाताना ते एवढे मुके असेल असे मला वाटले नव्हते. जवळचा लापा माझ्यापासून फार तर बारा-पंधरा फुटांवर होता. एका पायाने त्याने फळ धरले, काळ्या जाड जिभेने ते फिरवून जागा शोधली, आणि वरची फिकट व खालची काळी चोच यांच्यामध्ये जे कवच फोडायला आम्हाला दगड लागे ते सुपारी कातरल्यासारखे फोडले. गर त्याला नकोच होता. गिरी संपली, की उरलेले फळ खाली आणि पंजा पुढच्या फळाकडे. कधी एखादे फळ नुसते चावून टाकून देई, तेव्हा मला चक्क राग येई. खाली पडलेल्या गरावर शंखांत राहणारे खेकडे जमत होते. पाऊण तास हेच चालले होते आणि मी फोनसुद्धा काढला नाही, कारण तो पाणी लागू नये म्हणून बांधलेल्या पिशवीत तळाशी होता.

वाटाड्या परतल्यावर मी त्याला झाडाबद्दल विचारले. हे झाड इथले नाही, आशियातून आणलेले आहे, असे तो म्हणाला; पण लापांना ते फार प्रिय आहे आणि किनाऱ्यावर लापा पाहायचे तर आम्हीही आधी याच झाडांकडे पाहतो, असेही त्याने सांगितले. हे झाड आमच्या शाळेत होते, हे मी मोडक्या इंग्रजीत त्याला दोनदा सांगितले. त्याने दोन्ही वेळा सौजन्याने मान डोलावली.

होडीत चढण्यापूर्वी त्याने सर्वांना नेहमीची सूचना दिली, की उद्यानातून शंख, दगड, बी, काहीही बाहेर न्यायचे नसते, तरी कोणी घेतले असल्यास इथेच ठेवावे. मी रिकामे हात दाखवले. ते खरेही होते, कारण लापाने न चावता पाडलेला एक बदाम मी सगळे परतायच्या आतच दोन दगडांत फोडून खाल्ला होता. मुलीने माझ्या चेचलेल्या अंगठ्याकडे पाहिले, मग झाडाकडे पाहिले, आणि होडीत चढायला मला हात दिला.