सूर्य मावळायच्या आत

फिंगर फूडची ऑर्डर घेताना मी सगळ्यात आधी विचारते, पाहुणे उभ्याने खाणार का बसून? उभ्याने खाणाऱ्याच्या एका हातात पेला असतो आणि दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटं तेवढी मोकळी असतात. त्या बोटांत मावेल, एका घासात संपेल आणि साडीवर ठिपका पाडणार नाही असा पदार्थ हवा. आंबट, गोड, खारट, तिखट, कुरकुरीत हे सगळं त्या एका घासातच बसवावं लागतं, कारण दुसरा घास नसतोच. जेवणाऐवजी हेच द्यायचं असेल तर मी माणशी दहा-बारा नग धरते. नंतर जेवण असेल तर पाच-सहा पुरतात.

मी जळगावात केटरिंग करते. इथे 'एशियन' म्हटलं की लोकांना चायनीजची गाडी आठवते, हक्का नूडल्स आणि मंचुरियन. मंचुरियन मलाही आवडतं, पण ते चीनचं नव्हे, मुंबईचं. त्याचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांना दिलं जातं. ही ऑर्डर मात्र वेगळी होती. यजमानांची मुलगी सिंगापूरला नोकरी करते, सुट्टीत घरी आली होती. एकतीस डिसेंबरच्या रात्री शिरसोली रस्त्यावरच्या त्यांच्या शेतघरात पार्टी, साठ-सत्तर माणसं. तिला व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया, जपानकडचे नाजूक, छोटे पदार्थ हवे होते. सगळं शाकाहारी. म्हणजे तिकडच्या निम्म्या पाककृतींचा कणा असलेला फिश सॉस आणि ऑयस्टर सॉस आधीच बाद. त्याची तयारी मी करून ठेवली होती.

पार्टीच्याच दिवशी सकाळी यजमानीणबाईंचा, काकूंचा, फोन आला. "ताई, एक सांगायचं राहून गेलं बघा. ह्यांच्या व्यवहारातले वीसेक पाहुणे जैन आहेत. त्यातले सात-आठ मोठे लोक चौविहार पाळतात, सूर्य मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत. ते पाचला येऊन भेटून जाणार. त्यांच्यासाठी नुसती फळं ठेवली तर चालेल ना?"

मी म्हटलं, "फळं कशाला, काकू? पाचला त्यांना त्यांची थाळी मिळेल."

असं बोलायला मी जराही थांबले नाही. ज्या पाहुण्याचे नियम सगळ्यात कडक, त्याच्यापुढे कापलेलं सफरचंद ठेवायचं आणि बाकीच्यांना बारा प्रकार वाढायचे, हे मला पाहवत नाही. वडीलधाऱ्या माणसाला आपण त्यातून कोपऱ्यात बसवतो. शिवाय मेनू हातात होता, आणि त्यातून काय गळतं हे मला दिसत होतं: कांदा, लसूण, आलं, बटाटा, गाजर. मशरूम आणि वांगंही गेलं. सोया सॉस, व्हिनेगर, मिसो (सोयाबीनची जपानी पेस्ट) हे आंबवलेले प्रकारही कडक पाळणाऱ्यांना चालत नाहीत. त्या दिवशी तिथी, म्हणजे जैनांचा हिरवी भाजी न खाण्याचा दिवस, आहे का, हिरवं चालेल का, विड्याचं पान चालेल का, हे काकूंना उलट फोन करून विचारायला लावलं. तिथी नव्हती, पानही चालणार होतं. पुढचं आमच्या हातात होतं.

साते मूळचं जावाचं, काडीवर भाजलेलं मांस आणि वर शेंगदाण्याचा सॉस. मांसाच्या जागी मी कच्ची केळी घेतली. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण ती पिकलीच की खायची असं धरून चालतो. कच्ची केळी सालासकट उकडायची, अगदी किंचित कच्ची ठेवून. तिच्या चिकाने हात काळे पडतात म्हणून सोलायच्या आधी हाताला तेल. लांबट तुकडे, त्यांना हळद, धणे, जिरं, सुंठ आणि नारळाच्या दुधाचं मुरवण. ओलं आलं बाद असलं तरी सुंठ चालते, ओली हळद बाद असली तरी वाळलेली चालते. मुरवणात गवती चहाच्या खालच्या पांढऱ्या दांड्या ठेचून घातल्या. आपण चहात पात टाकतो आणि तिकडे दांडीला जास्त मान, एवढाच फरक.

सॉससाठी शेंगदाणे मंद आचेवर, साल काळवंडेपर्यंत नाही पण सुटेपर्यंत भाजले आणि जाडसर कुटले. त्यात नारळाचं दूध, चिंच, गूळ, लाल मिरची आणि लसणाऐवजी तुपात फुललेला हिंग. शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. जावात आणि खानदेशात दोन्ही ठिकाणी ती पाहुणी म्हणून आली आणि घरची झाली. मला या सॉसमध्ये परकं काही वाटतच नाही. शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय आमची कुठली भाजी आळते?

थायलंडात मियांग खाम नावाचा प्रकार आहे. पानात भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, सालासकट लिंबाचे बारीक तुकडे, आलं, मिरची, सुके झिंगे घालून वर गोडसर घट्ट सॉस, आणि सगळं एका घासात. ते लोक जे पान घेतात ते आपल्या नागवेलीच्याच कुळातलं, पण चवीला मऊ. आपलं पान जास्त झणझणीत म्हणून मी कोवळी, लहान पानं निवडली. झिंगे गेले, आल्याच्या जागी चिमटीभर सुंठ, सॉस चिंचगुळाचा, एकतारी. शहाद्याकडची कच्ची पपई किसून खलबत्त्यात लिंबू, मिरची, गुळाबरोबर हलकी ठेचली. हे झालं सोम ताम या कच्च्या पपईच्या थाई कोशिंबिरीच्या अंगाने जाणारं सारण. ते काकडी आणि लाल ढोबळी मिरचीबरोबर राइस पेपरच्या रोलमध्ये भरायचं होतं.

या राइस पेपरचीच मला खरी काळजी होती. तांदळाचं पीठ आणि टॅपिओकाचा स्टार्च, ज्याचा साबुदाणाही होतो, यांची ती चकती. कोमट पाण्यात दोन-चार सेकंद बुडवून कडक असतानाच बाहेर काढायची, मग ती पाटावर आपोआप मऊ होते. पाण्यात मऊ होऊ दिली की संपलं, हातातच फाटते. ती व्हिएतनामची, तिथे हवा दमट. आमच्याकडे डिसेंबरात हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. गुंडाळलेला रोल उघड्यावर राहिला तर थोड्या वेळात चामड्यासारखा चिवट होतो.

इथे आमच्या मावशी कामाला आल्या. त्या अमळनेरकडच्या, खापरावरचे मांडे करणाऱ्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवून तापल्या खापरावर टाकणारे ते हात. मी एकदा करून दाखवलं. त्यांनी चकती पाटावर टाकली, बोटाने कड चाचपली आणि म्हणाल्या, "आते नको, जराशी थांब. आते हात लावा ते फाटी जाई." मग त्यांनीच बाकीच्या मुलींना वेळ सांगायला सुरुवात केली. घड्याळ न बघता, कडेला बोट लावून. मी केवढी पुस्तकी मापं सांगितली असती तरी त्या मुलींना इतक्या लवकर जमलं नसतं. तयार रोल एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये केळीच्या पानाच्या पट्ट्या आणि वरून ओलं मलमल. केळीचं पान पाणी धरून ठेवतं, त्यामुळे शेतघरी पोचेपर्यंत सगळे रोल लुसलुशीत राहिले.

जैन थाळीची भांडी, पाट, सुऱ्या वेगळ्या, आणि ते सगळं काम आधी. कांदा-लसणाची पिशवी मी तोवर उघडूच दिली नाही.

त्या दिवसांत आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाच वाजता पहिला ट्रे बाहेर गेला. पाहुण्यांतल्या एका आजोबांनी पान हातात घेऊन मला जवळ बोलावलं. "ताई, यात काय काय आहे ते सांगा." मी एकेक जिन्नस सांगितला, हिंग कुठला तेही. त्यांनी ऐकून घेतलं, पान तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावत राहिले. मग दुसरं उचललं. त्यांच्या सौभाग्यवतींनी चिंचगुळाचं प्रमाण विचारलं आणि हातातल्या छोट्या डायरीत लिहून घेतलं. मग एकेकाने साते मागितलं, कच्ची केळी आहे यावर दोघांचा विश्वास बसेना. सूर्य टेकायच्या आधी सगळ्यांचं पाणीसुद्धा पिऊन झालं होतं. गाड्यांकडे जाताना आजोबा काकूंना म्हणाले, "आज आम्हाला वेगळं काढलं नाहीत."

काकूंचे डोळे भरून आले. माझेही.

रात्रीचं काम त्या मानाने सोपं गेलं. बांबूच्या टोपल्यांत डंपलिंग वाफवले, तेवढ्यात वारा सुटला म्हणून शेगड्यांभोवती पत्रे उभे केले. रात्रीचा माझा लाडका पदार्थ वांग्याचा होता. जपानात वांगं भाजून त्याला गोडसर मिसो चोपडतात, त्याला नासू देंगाकू म्हणतात. मी असोद्याची भरीताची वांगी आणली होती, मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची. शेतघराच्या मागे पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर ती भाजली. कपाशीच्या त्या वाळल्या काड्यांच्या धुराची चव गॅसवर येतच नाही. गर बारीक ठेचून त्यात मिसो कालवला आणि मैद्याच्या पातळ, तळलेल्या वाट्यांत चमचाभर भरला. वाट्या आयत्या वेळी भरायच्या, नाहीतर मऊ पडतात. एक मुलगी फक्त त्यासाठी उभी होती.

काकूंच्या सासूबाई खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्यांनी एक वाटी खाल्ली आणि म्हणाल्या, "हाई ते भरीतच शे ना वं माय! पन गोड लागस. जरासा ठेचा आन."

मी आणला. एका वाटीवर मोहरीएवढा ठेवून स्वतः चाखून बघितला. आजींचं म्हणणं खरं होतं. मिसोचा खारट-गोडपणा, पऱ्हाट्यांचा धूर आणि त्याला चिरत जाणारी हिरवी मिरची. पुढचे सगळे ट्रे ठेचा लावूनच गेले, आणि सिंगापूरहून आलेली मंडळी त्याच ट्रेभोवती उभी राहिली. तो पदार्थ आता माझ्या यादीत ठेच्यासकटच आहे.

बारा वाजायच्या आत भांडी घासून गाडीत चढली होती. काकूंनी निघताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाची ऑर्डर दिली. विड्याच्या पानाचा तोच घास, फक्त त्यात खोबऱ्याबरोबर भाजलेले तीळ घालायचे. राइस पेपरच्या पाटावर मावशी बसणार, हे त्यांनी मला विचारायच्या आधीच मावशींना सांगून ठेवलं होतं.