पांढरं कार्ड, म्हणून बाद

अकरावीला आर्ट्सला मी तर्कशास्त्र घेतलं त्याचं कारण अगदी साधं होतं, सीनियर पोरांनी सांगितलं होतं की मार्क गणितासारखे पडतात आणि गणित करावं लागत नाही. दोन वर्षं जर-तरची विधानं, सत्यता कोष्टकं, तर्कदोषांची नावं पाठ केली, बारावीला बरे मार्क पडले, मग स्पर्धा परीक्षा, मग नोकरी, आणि ती वही कुठल्या पेटीत गेली ते आईलाच माहीत. ती वही परत आठवली २०२४ च्या जुलैत, आणि आठवण करून दिली एका बाईंनी.

लाडकी बहीण योजना नुकतीच सुरू झालेली. २८ जूनला जीआर निघाला आणि आठवडा व्हायच्या आत त्यात दुरुस्त्या, वयाची मर्यादा ६० ची ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट गेली, अधिवास दाखल्याला पर्याय आले, आम्ही सकाळी एक वाचायचो आणि दुपारी व्हॉट्सॲपवर दुसरंच यायचं. मला माझ्या टेबलावरून उचलून छाननीला बसवलं होतं. समोर गठ्ठे, खिडकीबाहेर लाईन, पंखा तीनवर असूनही कागद उडतील म्हणून एकवर.

त्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, कागद सगळे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावलेले. मी वरचं पान बघितलं, रेशनकार्ड पांढरं. म्हटलं, मावशी, पांढरं कार्ड चालत नाही, पिवळं नाहीतर केशरी लागतं. पेन्सिलीने कोपऱ्यात "बाद" लिहायला घेतलं पण. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पांढरं कार्ड म्हणजे अडीच लाखाच्या वर, असं कुठं लिहिलंय?"

मी काहीतरी म्हणालो, पांढरं म्हणजे चांगल्या परिस्थितीतल्या लोकांचं वगैरे. त्या म्हणाल्या, "ते आमचे हे कंपनीत होते तेव्हाचं आहे. कंपनी बंद पडली, कार्डाचा रंग तोच राहिला." आणि फोल्डरमधलं पुढचं पान त्यांनीच उलटून दाखवलं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, एक लाख ऐंशी हजार. मी ते पान उलटलंच नव्हतं.

त्या रात्री झोप नाही आली असं नाही, पण जेवताना डोक्यात तेच. जीआरमध्ये काय होतं? कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखाच्या आत पाहिजे, ही अट. आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, ही सूट. सूट बरोबरच आहे, कारण केशरी कार्ड एक लाखाच्या आतल्यांनाच मिळतं, म्हणजे केशरी असेल तर अडीच लाखाच्या आत असणारच. पण यावरून "केशरी नसेल तर अडीच लाखाच्या वर" हे कुठे निघतं? पांढरं सुरूच होतं एक लाखाच्या वर, मग एक ते अडीच लाखामधली सगळी घरं गेली कुठे?

अकरावीच्या वहीत हाच दोष होता, पूर्वांगाचा निषेध, म्हणजे "जर"चा भाग नाही म्हणून "तर"चाही नाही असं धरायचं. आमच्या मॅडम उदाहरण द्यायच्या ते अजून आठवतं, पाऊस पडला तर अंगण ओलं होतं, पाऊस पडला नाही, म्हणून अंगण कोरडं आहे का? कुणीतरी सडा घातला असेल की! वर्ग हसायचा. इतकं सोपं वाटायचं की याला मार्क कसले देतात असं वाटायचं. आणि सरकारी खुर्चीत बसून मी बरोब्बर तेच केलं, एकदा नाही, त्या दिवसातल्या किती अर्जांवर केलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन "बाद"चा गठ्ठा परत उपसला. निघाले असे अर्ज. किती ते सांगत नाही, लाज वाटते.

आता लोक म्हणतात सरकारी माणसाला माणुसकी नसते. मला ते पटत नाही, म्हणजे नसते कधीकधी, पण इथे प्रश्न तो नव्हताच. मी त्या बाईंना खुर्ची दिली होती, पाणी विचारलं होतं, मावशी म्हणालो होतो, आणि चुकीचं सांगत होतो. गोड बोलून चुकीचं. माझी गडबड माणुसकीत नव्हती, जर-तरच्या बाणाच्या दिशेत होती.

मग मी एक उद्योग सुरू केला, पाठकोऱ्या कागदावर प्रत्येक अट बाण काढून लिहायची. डावीकडे अट, उजवीकडे ती कशाने कळते. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की आमच्या टेबलावर दोन वेगळ्या गोष्टींची पार खिचडी झालेली आहे, पात्रता आणि पुरावा. वय २१ पूर्ण, ही पात्रता. शाळा सोडल्याचा दाखला, हा पुरावा. जी बाई शाळेतच गेली नाही तिच्याकडे दाखला नाही, यावरून तिचं वय कमी होत नाही, एवढं आपल्याला घरी बसून कळतं. पण आमच्या एक्सेल शीटमध्ये रकाने दोनच, आहे आणि नाही. "वयाचा पुरावा जोडलेला नाही" हे टाईप होताना "वय: नाही" होतं, वरच्या टेबलावर जाताना "वयात बसत नाही" होतं, आणि तिथून पुढे ते खरंच होऊन बसतं. कुणी खोटं बोललेलं नसतं, प्रत्येकाने फक्त थोडं आखूड करून लिहिलेलं असतं.

एकदा चटक लागली की सगळीकडे तेच दिसायला लागतं. त्याच जीआरमध्ये लाभार्थी कोण, तर विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या आणि निराधार महिला. आता "आणि" अक्षरशः घेतलं तर एकाच वेळी विवाहित, विधवा आणि घटस्फोटित असलेली बाई शोधायला लागेल, अख्ख्या महाराष्ट्रात एक सापडायची नाही. अर्थात तसं कुणी वाचत नाही, सगळे मुकाट्याने "किंवा" वाचतात, आणि ते बरोबरच आहे. पण हसू नका, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात २०२४ च्या मार्चमध्ये अशाच एका "आणि"वर निकाल लागला. पल्सिफर नावाच्या आरोपीचा खटला होता, शिक्षेत सवलत मिळायची असेल तर आरोपीकडे अमुक, तमुक आणि ढमुक नसावं असं कायदा म्हणतो. म्हणजे तिन्ही एकत्र नसावेत, की तिन्हीपैकी एकही नसावं? कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने दुसरा अर्थ घेतला. माणसाची तुरुंगातली वर्षं एका "आणि"वर लटकलेली, आणि नऊ न्यायाधीशांचंसुद्धा एकमत होत नाही, तर आमच्या टेबलावर पंख्याच्या वाऱ्यात काय होणार.

बरं, तर्काने सगळं सुटतं असंही नाही. "कुटुंबातील केवळ एक अविवाहित महिला" ही अट घ्या. दोन बहिणी, दोघी एकवीसच्या पुढच्या, दोघी अविवाहित, दोघींचे कागद चोख. ही अट त्या मुलीबद्दल नाहीच, ती दोघींच्या जोडीबद्दल आहे, एकटीचा अर्ज कितीही वेळा वाचला तरी ती बसते की नाही ते कळणार नाही. मग ठरतं कशावर? ज्या बहिणीचा अर्ज आधी आला तिला मिळतं. म्हणजे खरा निर्णय आवक रजिस्टरने घेतला, आणि आपण म्हणतो नियमाने घेतला. मला यात चूक काढायची नाहीये, कुठेतरी रेघ मारावीच लागते, पण रेघ कुणी मारली ते बाण काढल्यावर दिसतं, एरवी दिसत नाही.

जाता जाता आमच्या दोन लाडक्या शेऱ्यांबद्दल. "नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी" हे विधान कधीच चुकू शकत नाही, खाली काहीही करा ते खरंच राहतं, तर्कशास्त्रात त्याला सर्वतः सत्य म्हणायचे आणि मॅडम सांगायच्या की त्यात माहिती शून्य असते. आणि दुसरा "निरंक", म्हणजे शून्य. प्राप्त तक्रारी निरंक, म्हणून प्राप्त सर्व तक्रारी निकाली काढल्या हेही खरं, तांत्रिकदृष्ट्या अगदी खरं. तक्रारपेटीची किल्ली हरवलेल्या ऑफिसचा निपटारा शंभर टक्के!

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते गप्प बसण्याने. ऑफिसने उत्तरच दिलं नाही तर काय समजायचं? माहितीच्या अधिकारात ३० दिवसांत उत्तर नाही आलं की कायदा म्हणतो, नाकारलं असं समजा, आणि अपिलात जा. आणि आपल्या एमआरटीपी, म्हणजे नगररचनेच्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये बांधकाम परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांत काही कळवलं नाही तर उलटं, परवानगी मिळाली असं समजा (पुढे नियमाप्रमाणेच बांधावं लागतं, तो भाग वेगळा). तीच शांतता, तेच धूळ खात पडलेलं टपाल, एका कायद्यात "नाही", दुसऱ्यात "हो". म्हणजे रिकाम्या रकान्याला स्वतःचा अर्थ नसतो, तो कुणीतरी ठरवून दिलेला असतो, आणि जिथे कुणीच ठरवून दिलेला नसतो तिथे आम्ही कारकून मंडळी "नाही" समजतो, कारण "नाही"मुळे कुणाची चौकशी लागत नाही.

याच्यावर वाचताना एक भारी गोष्ट सापडली. १९८० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रॉबर्ट कोवाल्स्की, मारेक सर्गोट आणि त्यांच्या मंडळींनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्वाचा कायदा चक्क प्रोलॉग नावाच्या कॉम्प्युटर भाषेत लिहून काढला, जर-तर, जर-तर असा. प्रोलॉगचा स्वभाव आमच्यासारखाच, जे सिद्ध करता आलं नाही ते खोटं धरायचं. पण त्या कायद्यात एक कलम आहे टाकून दिलेल्या बाळाचं. नवजात बाळ ब्रिटनमध्ये बेवारस सापडलं, आईबाप कोण माहीत नाही, कागद एक नाही, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते इथेच जन्मलं आणि नागरिकत्वाला लागतात तशाच आईबापांच्या पोटी जन्मलं असं धरायचं. म्हणजे कागद नसण्याचा फायदा बाळाला. इथे "सिद्ध झालं नाही" म्हणजे "नाही" हे चालतच नाही, आणि ते कायदा लिहिणाऱ्याने डोळे उघडे ठेवून लिहिलंय. मी ते वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या शीटमध्ये तिसरा रकाना घातला. आहे, नाही, माहीत नाही. साहेबांना पटवायला दोन चहा लागले, पण पटलं. मला वाटलं आता झालंच, तर्कशास्त्राचा विजय! आठवड्याने बघतो तर "माहीत नाही"चा गठ्ठा सगळ्यात उंच. माझ्या शेजारच्या टेबलवाल्याने जवळजवळ सगळं त्यातच ढकललं होतं, आणि त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं, "तूच म्हणालास ना, खात्री नसेल तर नाही लिहू नकोस. मला कशाचीच खात्री नाही."

मग त्या रकान्याला एक शेपूट जोडलं. "माहीत नाही" लिहायचं तर पुढे लिहायचं की काय बघितलं म्हणजे कळेल, आणि ते कोण बघणार, अर्जदार की आपण. ते लिहायला लागल्यावर गठ्ठा भराभर उतरला, कारण निम्म्या ठिकाणी उत्तर "फाईलमधलं पुढचं पान" असं निघालं.