सतरा पावत्या, एक क्रमांक

दिवसभर माझ्या पावत्यांच्या प्रोग्रामच्या लॉगमधली, म्हणजे तो आपोआप ठेवतो त्या नोंदींतली, एकच ओळ डोळ्यांपुढून हटत नाही. काल पावसात फोंड्याला वीज गेली आणि ती आल्यावर अडकलेल्या सतरा पावत्या एकदम नोंदवल्या गेल्या. सतराही पावत्यांवर एकच क्रमांक पडला. लॉगमध्ये मात्र सर्वांत आधी मीच लिहिलेला संदेश उमटला होता: ‘सर्व पावत्या पूर्ण.’ तेव्हा एकही पूर्ण झालेली नव्हती.

चूक माझ्या धाकट्या सहकारिणीने दाखवली, तीही हळू आवाजात, कोंकणीत: “सर, फॉरईच रावना.” म्हणजे थांबत नाही. खरेच आहे. जावास्क्रिप्टमधले फॉरईच यादीतल्या प्रत्येक पावतीसाठी तेच फंक्शन चालवते. ‘काम होईपर्यंत थांब’ सांगणाऱ्या अवेटमुळे थांबते ते आतले असिंक फंक्शन, म्हणजे मध्येच थांबून नंतर पुढे चालणारे. ते परत देते त्या प्रॉमिसकडे, म्हणजे ‘निकाल नंतर देतो’ या हमीकडे, फॉरईच पाहतही नाही आणि पुढची पावती सुरू करते. शेवटचा क्रमांक वाचायचा, त्यात एक मिळवायचा, मग लिहायचे, एवढेच काम. पण पहिलीने लिहिण्याआधीच सतराजणींनी तोच क्रमांक वाचला. एरवी एका वेळी एकच पावती येई, म्हणून चार वर्षे हे झाकून राहिले.

मला एवढे का लागावे? अनुभवाचा काही उपयोगच नाही, असे दुपारी वाटत राहिले. घाईने मी मॅपने सगळ्या पावत्यांची प्रॉमिस गोळा करून ती सर्व पुरी होईपर्यंत थांबणारे प्रॉमिस.ऑल लावून पाहिले. संदेश आता शेवटी आला, पण क्रमांक तेच, कारण तेथेही सगळ्या पावत्या एकदमच सुटतात. बाबांचा फोन त्याच वेळी आला होता, तो राहिलाच.

जावास्क्रिप्टच्या 2017 च्या मानकात असिंक-अवेट येण्यापूर्वी आम्ही रिड्यूसने प्रॉमिसची साखळी लावत असू, एक पुरे झाले की पुढचे. ते लिहिणे किचकट होते, पण कोण कोणासाठी थांबले आहे हे लिहितानाच विचारात घ्यावे लागे. अवेट हा शब्द दिसला की थांबणे झालेच, असे मी धरून चाललो. ‘पूर्ण’ हा शब्द मी खात्री न करता लिहिला, हेच पुन्हा पुन्हा टोचते.

संध्याकाळी पावत्या एकेक करून घेणारा साधा फॉर-ऑफ लूप लिहिला आणि अवेट त्याच्या आत ठेवला. वेळ अधिक लागला. एक पावती अडली तर पुढच्याही थांबतील, आणि क्रमांकाच्या बाबतीत मला तेच हवे आहे. एकेक क्रमांक उमटताना ती शेजारी उभी होती. तिला हे माझ्याआधी दिसले याचे आता वाईट वाटत नाही.

उद्या सोळाजणांना नव्या क्रमांकाच्या पावत्या द्यायच्या आहेत. फोन मीच करणार आहे.