सर्जरी फक्त 6 आठवडे!

एमबीबीएसच्या इंटर्नशिपचं वेळापत्रक आज हातात पडलं. कम्युनिटी मेडिसिन 12 आठवडे, सर्जरी फक्त 6, आणि तीही अगदी शेवटाला. तोवर नीट-पीजीचा अभ्यास मानगुटीवर बसलेला असणार. मैत्रिणीशी अदलाबदल करावी म्हटलं, तर तिलाही सर्जरीतच एमएस करायचंय. झालं!

बांबोळीच्या मेडिकल कॉलेजहून कदंबा बसने घरी येताना टाके घालायचा सिल्कचा दोरा काढला आणि पुढच्या सीटच्या दांड्याला एका हाताने गाठी मारत बसले. शेजारच्या आजींनी विचारलं, "बाय, अबोलीचे वळेसर (गजरे) करतेस?"

"नाही आजी, सर्जन व्हायचंय."

त्यांनी गाठ ओढून पाहिली. "घट्ट नाही गो."

सुटलीच. घट्ट बसणाऱ्या स्क्वेअर नॉटऐवजी सैल पडणारी ग्रॅनी नॉट पडली होती. म्हणजे आजींच्याच नावाची! 😄