आमची वाटचाल: स्पीड विकता विकता

इंटरनेटच्या धंद्यात आम्ही टीव्हीच्या तारेवरून शिरलो. घरोघरी केबल गेलेली होती, वसुलीची वही होती, ओळखी होत्या. त्याच तारेवरून डेटा नेण्याचं डॉक्सिस नावाचं मानक 1997 साली आलं आणि 2006 च्या 3.0 आवृत्तीने अनेक चॅनल, म्हणजे तारेवरचे फ्रीक्वेन्सीचे पट्टे, एकत्र जोडायची सोय दिली. आम्ही त्यानंतरचे. हेडएंडला, म्हणजे सगळ्या तारा निघतात त्या आमच्या केंद्रात, सीएमटीएस (घरोघरच्या मोडेमशी बोलणारं यंत्र) बसवला, मोडेम मागवले आणि दरपत्रक मी एका रात्रीत करून टाकलं. सहा प्लॅन! मोठ्या कंपनीकडे जेवढे आकडे, तेवढे आपल्याकडे हवेत, एवढाच विचार.

प्लॅन वाढवणं म्हणजे नेमकं काय, हे ग्राहकांना सांगायची तेव्हा लाज वाटायची. मोडेम चालू झाला की आमच्या सर्व्हरवरून एक छोटी फाइल उतरवून घेतो. डाउनलोड जास्तीत जास्त किती, अपलोड किती, ते त्यात लिहिलेलं असतं. आकडा बदला, मोडेम रिस्टार्ट करा, झालं. एका काकूंनी वरचा प्लॅन घेतला आणि आमच्या माणसासाठी शिडी काढून ठेवली. मी फोनवर म्हटलं, "कुणी यायचं नाहीये काकू, वाढला स्पीड." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे इतके दिवस अडवून ठेवला होता होय?"

उत्तर होतं, पण मला ते तेव्हा मांडता आलं नाही. 6 मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमधून 256-क्वॅमवर (तारेवर डेटा भरायची एक पद्धत) हाती लागतात साधारण 38 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 38 मेगाबिट. आमचे चॅनल चार, म्हणजे दीडशे, आणि तेही अख्ख्या नोडला, म्हणजे एका वस्तीची तार जिथून फुटते त्या डब्यावरच्या सगळ्या घरांना, मिळून. त्या नोडवरच्या सव्वाशे घरांना 20-20 विकले की झाले अडीच हजार. सोळापट विक्री! ही लबाडी नव्हे, सगळा धंदाच यावर उभा आहे, कारण सगळी घरं एकाच सेकंदाला पूर्ण वेग ओढत नाहीत. लबाडी म्हणा वा मूर्खपणा, तो होता 100 च्या प्लॅनमध्ये. तसली दोन घरं एकदम मोठी फाइल उतरवायला बसली की बाकीच्यांच्या पडद्यावर गोल फिरत राहायचं. तेव्हापासून सगळ्यात वरचा प्लॅन नोडच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आत ठेवतो. नियम कुठल्या पुस्तकातला नाही, शिव्या खाऊन आलेला आहे.

दुसरी चूक डेटा मर्यादेची. महिन्याचा कोटा संपला की स्पीड खाली. आम्ही ज्यांच्याकडून इंटरनेट घाऊक घेतो, त्यांचं बिल मात्र जीबीवर नसतंच. दर पाच मिनिटांनी ते आमचा वेग मोजतात, 30 दिवसांत 8640 नोंदी. त्यातल्या सर्वांत वरच्या 5 टक्के, म्हणजे 432 नोंदी सोडून देतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत मोठ्या नोंदीवर बिल. 432 नोंदी म्हणजे 36 तास. रोज संध्याकाळी दोन तास गर्दी धरली तर महिन्याचे होतात 60. म्हणजे आमचं बिल ठरतं संध्याकाळीच. रात्री तीन वाजता बॅकअप घेणाऱ्याचा आम्हाला जवळपास काहीच खर्च नाही आणि आम्ही कोटा संपला म्हणून त्यालाच चिमटीत धरत होतो. ज्या दिवशी हे आकडे कागदावर मांडले त्या दिवशी कोटा काढला.

अपलोडचं दुखणं वेगळंच. आमच्या तारेवर परतीचा, म्हणजे घरातून आमच्याकडे येणारा रस्ता 5 ते 42 मेगाहर्ट्झचा, अरुंद आणि कचऱ्याचा. सगळ्या घरांतल्या तारांत शिरणारा विजेचा गोंगाट वर येऊन एकाच ठिकाणी जमतो. एकदा चार दिवस अख्खा नोड झोपायचा आणि उठायचा. एकेक टॅप (मुख्य तारेवरून घरांना फाटा देणारी डबी) सोडवत शेवटी एका पलंगामागे पोचलो. कुणीतरी हाताने जोडलेला, एका तारेच्या दोन करणारा स्प्लिटर, एक तोंड उघडं, कनेक्टर बोटाने फिरेल इतका सैल. पाना फिरवला, उघड्या तोंडावर टर्मिनेटर (तोंड बंद करणारं टोपण) लावला आणि गोंगाटाचा आलेख खाली बसला. म्हणून कुणी अपलोड दुप्पट मागितलं की मी आधी घरातली तार बघायला माणूस पाठवतो. काहींना ही टाळाटाळ वाटते.

आता प्लॅन तीनच. मधल्यावर बहुतेक जण. खालच्यावर हयातभर राहणारे काही आहेत, वेळेवर पैसे देणारे, कधी फोन न करणारे; त्यांना वर ढकलायला मी कामावरच्या मुलांना सांगत नाही. उलट स्पीड कमी पडतो म्हणणाऱ्याला आधी मोडेमला थेट तार लावून मोजायला लावतो. निम्म्या वेळा दोष कोपऱ्यातल्या वायफायचा निघतो, नाहीतर स्पीड बिटमध्ये, फाइल बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, हा आठचा भागाकार त्याला कुणी सांगितलेला नसतो.

सध्या नोड फोडायचं काम चालू आहे. एकाचे दोन केले की घरं निम्मी, हिस्सा दुप्पट, आणि दरपत्रकाला हातही लावावा लागत नाही. दोन झाले, तिसऱ्यासाठी फायबर ओढून ठेवलंय. काकूंचं घर त्या तिसऱ्यात आहे.