एव्हरेस्टचा इतिहास बघायचा तर दार्जिलिंगला जा

एव्हरेस्ट म्हटलं की काठमांडू, लुक्ला, बेस कॅम्प हीच नावं तोंडावर येतात. पण दुसऱ्या महायुद्धाआधी नेपाळ परक्यांना बंद होता. त्यामुळे १९२१ ची पहिली ब्रिटिश मोहीम दार्जिलिंगहून निघाली आणि सिक्कीम, चुंबी खोरं, तिबेट असा मोठा वळसा घालून उत्तरेकडून डोंगराशी पोचली. ओझी वाहणारे शेर्पा आणि भोटिया (तिबेटी वंशाचे डोंगरी लोक) दार्जिलिंगमध्येच निवडले जात. ही सगळी पार्श्वभूमी वाचून आम्ही ऑक्टोबरअखेरीस तिथे गेलो. पाऊस संपून हवा स्वच्छ झालेली असते, म्हणून याच सुमारास जावं.

हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट ही गिर्यारोहण शिकवणारी संस्था जवाहर पर्वतावर, प्राणी संग्रहालयाच्या आवारात आहे. चौरस्ता या गावातल्या मुख्य चौकातून रमतगमत अर्ध्या तासात चालत पोचता येतं. गुरुवारी आवार बंद असतं, तेव्हा मुक्काम आखताना वार बघा. दाराशी लाल पांडा आणि हिमबिबट्यापाशी बराच वेळ जातो. आधी सरळ वर संस्थेच्या गिर्यारोहण संग्रहालयात जा, प्राणी उतरताना बघा.

आत जुन्या मोहिमांचे बूट, दोर, कपडे, प्राणवायूची उपकरणं मांडलेली आहेत. आजच्या ट्रेकिंगच्या दुकानातलं साधं जॅकेटही त्यांच्यापेक्षा ऊबदार वाटेल. हे सामान अंगावर चढवून आणि पाठीवर लादून माणसं आठ हजार मीटरच्या वर गेली, हे त्या काचेसमोर उभं राहिल्यावरच नीट कळतं. ७ जून १९२२ ला एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या नॉर्थ कोल या खिंडीच्या उतारावर हिमस्खलन झालं आणि सात भारवाहक गेले. एव्हरेस्टवरचे ते पहिले मोठे बळी. दोन वर्षांनी मॅलरी आणि आयर्विन हे ब्रिटिश गिर्यारोहक शिखराकडे जाताना बेपत्ता झाले, त्यांच्याबद्दल आजही लिहिलं जातं. त्या सातजणांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? मला ही गोष्ट फार लागते.

म्हणूनच तेनझिंग नोर्गे यांच्या समाधीपाशी वेळ काढा. नेपाळातल्या खुंबू भागातून कामाच्या शोधात आलेल्या या तरुणाला १९३३ च्या ब्रिटिश मोहिमेने घेतलं नाही, १९३५ मध्ये पुढच्या मोहिमेचा नेता एरिक शिप्टनने निवडलं. १९५२ मध्ये स्विस मोहिमेत रेमंड लॅम्बर्टबरोबर ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोचले. म्हणजे २९ मे १९५३ ला हिलरींबरोबर ते पहिल्यांदा एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, त्या दिवसामागे जवळजवळ दोन दशकांची मेहनत होती. पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जबाबदारी तेनझिंगकडे आली. १९८६ मध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कारही इथेच झाले. त्यांचे पुतणे नवांग गोम्बू १९६३ मध्ये अमेरिकन आणि १९६५ मध्ये भारतीय मोहिमेतून शिखरावर गेले. एव्हरेस्ट दोनदा चढणारे ते पहिलेच.

सह्याद्रीत दोर धरायला शिकलेली कितीतरी मराठी मुलं-मुली बेसिक कोर्सला इथे येतात. तुमचाही विचार असेल तर काही महिने आधी नाव नोंदवा, जागा लवकर भरतात.

संध्याकाळी तुंगसुंग बस्तीत फेरी मारा. शेर्पांची ही जुनी वस्ती, तेनझिंगही इथेच राहत. लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

आता प्रत्यक्ष शिखर. टायगर हिलसाठी आदल्या दिवशीच गाडी ठरवा, पहाटे चारच्या सुमारास निघावं लागतं. समोर कांचनजंगा भव्य दिसतं. एव्हरेस्ट मात्र दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, मकालू या दुसऱ्या शिखराच्या शेजारी छोटंसं टोक, तेही हवा निवळ असेल तरच. मकालूच जवळ असल्याने मोठं दिसतं आणि बरेच जण त्यालाच एव्हरेस्ट समजून खाली उतरतात, तेव्हा जाणत्या ड्रायव्हरला बोट दाखवायला सांगा.

हाताशी आणखी चार-पाच दिवस असतील तर मानेभंज्यांग या गावाहून संदकफूचा ट्रेक करा. उंची ३,६३६ मीटर. तिथून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा असे चारही दिसतात. ओळखपत्र जवळ ठेवा, परवाना आणि गाईड मानेभंज्यांगलाच मिळतात. वाट ज्यातून जाते ते सिंगलिला राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात बंद असतं. रात्री थंडी कडक पडते, त्यामुळे मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या पांघरुणात घेऊन झोपा, नाहीतर नेमक्या सूर्योदयाला त्या मान टाकतात.