कर्ज दुसऱ्याचं, फोन तुम्हाला

मित्राने पर्सनल लोन घेताना फॉर्मवर रेफरन्स म्हणून तुमचा नंबर दिला. त्याचे हप्ते थकले की वसुलीवाला तुम्हाला फोन करतो: "फॉर्मवर तुमचं नाव आहे. पैसे भरा, नाहीतर तुमचाही सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब होईल." यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं असतं.

सहकर्जदार आणि जामीनदार सही करून बांधले जातात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक थेट त्याच्याकडे येऊ शकते. रेफरन्सचं तसं नाही. त्याचं नाव फक्त ओळख-पत्ता पडताळण्यासाठी असतं, देणं शून्य. म्हणून फोनवर वाद न घालता एकच मागणी करा: "माझ्या सहीचं जामीनपत्र ईमेल करा." मात्र हल्ली सही ओटीपीवरही होते. मित्राने लिंक पाठवून "जरा ओटीपी सांग" म्हटलं असेल, तर तो कशासाठी होता हे आधी तपासा.

त्यासाठी क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. प्रत्येक कर्जखात्यासमोर तुमचं नातं लिहिलेलं असतं: स्वतःचं, जॉइंट की गॅरंटर. रेफरन्स नावाचा प्रकारच तिथे नाही, त्यामुळे मित्राच्या थकबाकीने तुमचा स्कोअर हलत नाही. न घेतलेली जामीनकी दिसली तर लगेच तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आता वसुलीवाल्याच्या मर्यादा. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र आणि रेफरन्स यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यांच्या खासगीपणात घुसणं, चारचौघांत अपमान करणं, धमकी देणं याला मनाई आहे. वसुलीसाठी कर्जदारालासुद्धा सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्समध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिलेल्या छोट्या कर्जांत, ही वेळ ९ ते ६ आहे. "त्यांचा नवा पत्ता माहीत आहे का?" असं एकदा विचारणं मी समजू शकतो. पण थकबाकीचा आकडा तुम्हाला ऐकवणं म्हणजे कर्जदाराची अब्रू वेठीला धरणं आहे.

"निदान दोन हजार तरी टाका" याला अजिबात बळी पडू नका. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर गेलेले पैसे कर्जखात्यात जमा होतीलच असं नाही, आणि एकदा पैसे देणाऱ्याला पुन्हा फोन येतोच. पॅन, आधार किंवा आणखी कुणाचा नंबरही देऊ नका.

एजंटचं नाव, एजन्सी, बँक विचारा. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. मग बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा: "मी या कर्जाचा सहकर्जदार वा जामीनदार नाही. माझा नंबर वसुलीच्या यादीतून काढा आणि तसं लेखी कळवा." एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच असते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून जाता येतं. तिथे तक्रार कर्जदाराच्या नावाने करणं बरं, कारण बँकेचा ग्राहक तो आहे. तुमच्या नोंदी त्याला पुरावा म्हणून द्या.

रेफरन्स म्हणून नाव दिलेलंच नसताना फोन आला, तर बहुधा कर्जाच्या अ‍ॅपने मित्राची कॉन्टॅक्ट लिस्ट उचलली आहे. अ‍ॅपना ती वाचायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या कर्ज कंपन्या) वापरत असलेल्या अ‍ॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. अ‍ॅप त्यात नसेल, किंवा फोटोत फेरफार (मॉर्फ) करून पाठवायची धमकी आली, तर बँकेच्या उत्तराची वाट पाहू नका. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोलिसांत जा. धमकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ लागतं.